गांधीलमाशीचे पोळे आणि उत्क्रांतीचा अभ्यास

बंगळूर शहराच्या वायव्येकडील यशवंतपूर हे ठिकाण बहुतेकांना दोन गोष्टींमुळे परिचित असते. एक तेथील रेल्वे स्थानक आणि दुसरी कांदा-बटाट्याची घाऊक बाजारपेठ. महाराष्ट्रातून निघालेला कांदा याच बाजारात उतरत आला आहे. या गजबजलेल्या वस्तीला लागूनच १९०९ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेचे विस्तीर्ण आणि वृक्षाच्छादित आवार आहे. जुने बंगळूरकर तिला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ या नावानेच ओळखतात. धातुविज्ञान, विमानविद्या, भौतिकी अशा विषयांसाठी ख्याती पावलेल्या या संस्थेत गेल्या शतकाच्या शेवटच्या तीन दशकांत उत्क्रांतिविज्ञानाच्या अभ्यासाची एक परंपरा निर्माण झाली. या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध संशोधनाचा विषय होता भिंतींच्या आणि खिडक्यांच्या आडोशाला कागदी पोळे बांधणारी एक साधी गांधीलमाशी.

उत्क्रांतीचा विद्यापीठीय पातळीवरील अभ्यास म्हणजे नेमके काय, शालेय पातळीवरील ज्ञानाहून तो कोणत्या बाबतीत वेगळा असतो आणि तो नीट झाला नाही तर समाजाचे काय नुकसान होते, हे प्रश्न समजून घेण्यासाठी या गांधीलमाशीचे उदाहरण फार उपयुक्त आहे.

माहिती आणि हिशेब

महाविद्यालयात प्राणिशास्त्राचा वा वनस्पतिशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला उत्क्रांतीची ओळख सामान्यतः नावांच्या आणि पुराव्यांच्या यादीतून होते. लामार्कचा जिराफ, डार्विनची सागरयात्रा, घोड्याच्या खुरांची जीवाश्ममालिका, अवशेषांगे, भ्रूणांतील साम्य ही ती यादी होय. ही सर्व माहिती आवश्यक आहे, परंतु ती पाठ केल्याने उत्क्रांतीची प्रक्रिया समजली असे म्हणता येत नाही. ज्याला व्याकरणाचे सर्व नियम मुखोद्गत आहेत पण ज्याने एकही वाक्य रचलेले नाही, अशा माणसासारखी त्या विद्यार्थ्याची अवस्था होते.

नैसर्गिक निवडीचा सिद्धांत तीन साध्या विधानांत मांडता येतो. एकाच जातीच्या जीवांमध्ये भेद असतात. त्यांतील काही भेद आनुवंशिक असतात. आणि या आनुवंशिक भेदांमुळे काही जीवांना इतरांपेक्षा अधिक संतती होते. ही तीन विधाने खरी असली की पिढ्यानुपिढ्या समष्टीचे स्वरूप बदलत जाणे अपरिहार्य ठरते. येथपर्यंतचे विवेचन शाळेतही समजू शकते. विद्यापीठीय अभ्यासाचा आरंभ पुढच्या प्रश्नापासून होतो: हा बदल किती वेगाने होईल?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अलैंगिक रीतीने पुनरुत्पादन करणाऱ्या एखाद्या सूक्ष्मजीवाच्या समष्टीत हजारांपैकी एकाच जीवाजवळ असा गुण आहे की, त्यामुळे त्याला दर पिढीत इतरांपेक्षा १० टक्के अधिक संतती होते. म्हणजे त्या गुणाच्या जीवांचे इतरांशी असलेले प्रमाण दर पिढीला १.१ पटीने वाढते. आरंभी १ विरुद्ध ९९९ असे असलेले हे प्रमाण सुमारे ७३ पिढ्यांत समसमान होते. फायदा १० टक्क्यांऐवजी केवळ १ टक्का असेल तर त्यासाठी सुमारे ७०० पिढ्या लागतात. मनुष्याच्या दृष्टीने हा काळ प्रदीर्घ असला तरी अर्ध्या तासात द्विगुणित होणाऱ्या जीवाणूच्या दृष्टीने तो जेमतेम दोन आठवड्यांचा आहे. अत्यल्प फायदाही दीर्घकाळात निर्णायक ठरतो, ही गोष्ट अशा हिशेबावाचून मनाला पटत नाही.

हा हिशेब लैंगिक पुनरुत्पादन करणाऱ्या जीवांसाठी पद्धतशीरपणे मांडण्याचे कार्य ज्या तिघांनी केले, त्यांत जे. बी. एस. हॉल्डेन यांची गणना होते. त्यांची या विषयावरील लेखमाला १९२४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. हेच हॉल्डेन १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आले, प्रथम कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निधन पावले. महागड्या उपकरणांवाचूनही जीवशास्त्रात मोलाचे संशोधन होऊ शकते असे त्यांचे आग्रहाचे सांगणे होते. त्यांचे सहकारी पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजीत, नारळाच्या झाडावरील पानांचे वेटोळे डावे आहे की उजवे याची नोंद करीत आणि टिटव्यांच्या घरट्यांवर लक्ष ठेवीत. मोजणे, नोंद करणे आणि मग तर्क करणे ही शिस्त त्यांनी या देशातील तरुणांपुढे ठेवली.

डार्विनची अडचण

गांधीलमाशीकडे वळण्यापूर्वी ती ज्या कोड्याशी निगडित आहे ते पाहिले पाहिजे. मधमाश्या, मुंग्या आणि काही गांधीलमाश्या यांच्या वसाहतींत एक वा मोजक्याच माद्या अंडी घालतात. इतर असंख्य माद्या अन्न आणणे, पोळे बांधणे, अळ्यांना भरविणे ही कामे करतात आणि स्वतः बहुधा निपुत्रिक राहूनच मरतात. अधिक संतती देणारे गुणच टिकून राहतात असा नियम असेल, तर संततीचा त्याग करण्याचा गुण टिकला कसा? १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात डार्विनने ही गोष्ट आपल्या सिद्धांतापुढील गंभीर अडचण म्हणून मान्य केली होती. निवड ही कुटुंबालाही लागू होऊ शकते असे उत्तरही त्याने सुचविले होते. पण आनुवंशिकतेचे नियम त्या काळी ज्ञात नसल्याने त्या उत्तराला हिशेबाचे रूप देणे त्याला शक्य नव्हते.

हे रूप १९६४ साली विल्यम हॅमिल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: एखाद्या जनुकाच्या प्रती केवळ आपल्या अपत्यांतच नसतात, तर भावंडांत आणि इतर नातेवाइकांतही असतात. म्हणून परार्थाने वागणाऱ्या जीवाला होणारा तोटा, हा त्याच्या मदतीने नातेवाइकाला होणाऱ्या लाभाला त्या दोघांमधील आप्ततेने गुणून येणाऱ्या संख्येपेक्षा कमी असेल, तर परार्थाचा गुण समष्टीत पसरू शकतो. या विधानात तीन राशी आहेत: आप्तता, लाभ आणि तोटा.

मधमाश्या, मुंग्या आणि गांधीलमाश्या यांच्या कुळात लिंगनिश्चितीची एक विशेष रीत आढळते. फलित अंड्यांपासून माद्या होतात आणि अफलित अंड्यांपासून नर. त्यामुळे नराजवळ गुणसूत्रांचा एकच संच असतो आणि त्याच्या सर्व मुलींना पित्याकडून अगदी एकसारखा वारसा मिळतो. एकाच मातापित्यांच्या दोन बहिणींमधील आप्तता यामुळे पाऊण भरते, तर आई आणि मुलगी यांच्यातील आप्तता अर्धीच राहते. मुलीपेक्षा बहीण अधिक जवळची! मग स्वतःच्या मुली वाढविण्यापेक्षा आईच्या पोळ्यात राहून बहिणी वाढविणे फायद्याचे ठरणार, हे ओघानेच आले. हे स्पष्टीकरण इतके डौलदार होते की अनेकांनी ते अंतिम उत्तर म्हणून स्वीकारले.

परंतु त्याच हिशेबात एक खोच आहे. बहिणीला भावाशी असलेली आप्तता केवळ पाव असते. बहिणी आणि भाऊ समान संख्येने वाढवावे लागले, तर सरासरी पुन्हा अर्ध्यावरच येते आणि सारा अतिरिक्त लाभ नाहीसा होतो. शिवाय वाळवीत नर आणि मादी दोघांजवळही गुणसूत्रांचे दोन संच असतात, तरीही तिच्यात कामकरी वर्ग आहे. तेव्हा सिद्धांताचे सौंदर्य बाजूला ठेवून प्रत्यक्ष पोळ्याकडे पाहणे भाग होते.

पोळ्यापुढील अभ्यासक

रोपॅलिडिया मार्जिनाटा हे या गांधीलमाशीचे शास्त्रीय नाव. दक्षिण भारतात ती सर्वत्र आढळते. वनस्पतींचे तंतू चावून व लाळेत कालवून ती कागदासारख्या पदार्थाचे उघडे, षट्कोनी घरांचे पोळे बांधते. तिच्यातील राणी आणि कामकरी माशी यांच्या शरीरांत बाह्यतः कोणताही फरक नसतो. एका वेळी बहुधा एकच मादी अंडी घालते. पण प्रसंग आला तर कामकरी माशी राणीची जागा घेऊ शकते किंवा पोळे सोडून स्वतंत्र पोळे उभारू शकते. नर मात्र जन्मानंतर आठवडाभरात पोळे सोडून जातात आणि परतत नाहीत. मधमाशीच्या कामकरी माशीपुढे पर्यायच उरलेला नसतो. या गांधीलमाशीपुढे तो आहे, म्हणूनच ती परार्थाचा मार्ग का पत्करते हा प्रश्न तिच्या बाबतीत अर्थपूर्ण ठरतो.

राघवेंद्र गदगकर यांनी या माशीच्या अभ्यासाला आपले आयुष्य वाहिले. त्यांनी १९७९ साली भारतीय विज्ञान संस्थेतून रेणुजीवशास्त्रात डॉक्टरेट मिळविली होती. प्रयोगशाळेतील तो मार्ग सोडून ते प्राणिवर्तनाकडे वळले. त्यांच्या कार्यपद्धतीत अभ्यासकाने पहिल्यांदा करावयाची गोष्ट म्हणजे प्रत्येक माशीच्या अंगावर लवकर वाळणाऱ्या रंगाचे ठिपके लावणे. ठिपक्यांच्या रंगांवरून आणि जागेवरून प्रत्येक माशी ओळखता येते, आणि मग पोळ्यासमोर बसून ठरावीक वेळी कोणती माशी काय करीत आहे हे तासन्‌तास लिहून काढता येते.

अशा नोंदींवर आधारलेला गदगकर आणि एन. व्ही. जोशी यांचा एक निबंध १९८३ साली प्रसिद्ध झाला. माश्यांनी कोणत्या कामात किती वेळ घालविला याच्या आकड्यांचे सांख्यिकी पृथक्करण केल्यावर त्यांचे तीन गट स्पष्ट दिसून आले: पुष्कळसा वेळ बसून राहणाऱ्या, भांडखोर आणि चारा आणणाऱ्या. नवल असे की राणी भांडखोर गटात नव्हती, तर बसून राहणाऱ्या गटात होती. राणी म्हणजे दंडुक्याच्या जोरावर राज्य करणारी स्वामिनी, ही कल्पना येथे लागू पडली नाही. याच वंशातील दुसऱ्या एका जातीत मात्र राणी भांडखोर गटात आढळली. ‘राणी’ हा शब्द मनुष्याच्या समाजातून उसना घेतलेला आहे आणि त्याच्याबरोबर मनुष्याच्या समजुतीही आपोआप येतात, हे या निरीक्षणाने दाखवून दिले.

शांत वृत्तीच्या या राणीला पोळ्यावरून दूर केले तर काय होते? थोड्याच वेळात कामकरी माश्यांपैकी एकजण अत्यंत आक्रमक बनते. राणीला परत आणले तर ती पूर्ववत होते. न आणल्यास तिची आक्रमकता हळूहळू ओसरते आणि सुमारे आठवड्याभराने ती स्वतः अंडी घालू लागते. ही वारस माशी कोण असेल हे तिच्या आधीच्या वर्तनावरून, आक्रमकतेवरून वा शरीराच्या आकारावरून अभ्यासकाला सांगता येत नाही. मग माश्यांना तरी ते ठाऊक असते काय? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पोळ्याचे दोन भाग करून त्यांच्यामध्ये जाळी बसविण्यात आली, राणी एका बाजूला ठेवण्यात आली आणि नंतर तिला दुसऱ्या बाजूस हलविण्यात आले. त्यातून असे दिसले की दोन्ही बाजूंच्या माश्या एकाच विशिष्ट माशीला तंट्यावाचून वारस म्हणून मान्य करतात. अभ्यासकाला न दिसणारा वारसाक्रम माश्यांना मात्र ज्ञात असतो. राणीच्या अस्तित्वाची वर्दी तिच्या ग्रंथीतून स्रवणाऱ्या आणि पोटाने पोळ्यावर घासल्या जाणाऱ्या रासायनिक द्रव्यातून मिळते, हेही पुढे स्पष्ट झाले.

डौलदार उत्तराची परीक्षा

आता मूळ कोड्याकडे वळता येईल. बहिणींमधील आप्तता पाऊण भरते, पण ती सर्वांचा पिता एकच असेल तेव्हाच. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या जातीच्या राण्या एकाहून अधिक नरांशी समागम करतात असे विकरांच्या पृथक्करणावरून दिसून आले. त्यामुळे एका राणीच्या मुलींमधील सरासरी आप्तता पाऊण न राहता निम्म्याच्या थोडीच वर येते. शिवाय एकाच पोळ्यावर एकामागून एक वेगवेगळ्या माश्या राणीपदावर येत असल्याने कामकरी माशी बहिणींबरोबरच भाच्या, मावसबहिणी आणि त्याहून दूरच्या नात्यातील अळ्याही वाढवीत असते. अर्थात प्रत्यक्षातील आप्तता आणखी घसरते.

याचा अर्थ हॅमिल्टनचा नियम खोटा ठरला असा नव्हे. तीनपैकी एका राशीवरच सारा भर देणारे स्पष्टीकरण या माशीच्या बाबतीत अपुरे ठरले, एवढाच त्याचा अर्थ आहे. उरलेल्या दोन राशी, लाभ आणि तोटा, आता तपासावयास हव्या होत्या.

अंड्यापासून प्रौढ माशी होण्यास या जातीत सुमारे दोन महिने लागतात. या सर्व काळात अळ्यांना भरविणारे कोणी नसेल तर त्या मरतात. एकटीने पोळे उभारणाऱ्या माशीला म्हणून किमान दोन महिने जगणे आवश्यक असते. केवळ उदाहरणादाखल असे धरू की एखादी माशी आजचा दिवस तरून जाण्याची शक्यता १०० पैकी ९८ आहे. वरवर पाहता ही शक्यता चांगली वाटते. पण सलग ६० दिवस तरून जाण्याची शक्यता १०० पैकी सुमारे ३० च भरते. दैनंदिन शक्यता ९५ असेल तर ती १०० पैकी ५ च्याही खाली जाते. ५९ व्या दिवशी मेलेल्या एकाकी मातेचे सर्व श्रम वाया जातात. समूहात राहणारी माशी मात्र विसाव्या दिवशी मेली तरी तिने भरविलेल्या अळ्यांचा पुढील सांभाळ इतरजणी करतात आणि तिच्या श्रमांचे अंशतः तरी फळ पदरी पडते. १९९० साली गदगकरांनी मांडलेला हा विचार हमखास प्रतिफळाचा सिद्धांत म्हणून ओळखला जातो.

दुसरी बाजू तोट्याची. नुकत्याच बाहेर पडलेल्या माद्यांना एकेकट्या ठेवून भरपूर अन्न दिले असता त्यांपैकी सुमारे निम्म्याच माद्यांनी पोळे बांधून अंडी घातली, असे १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. बाह्यतः समान दिसणाऱ्या माद्या प्रजननक्षमतेत समान नव्हत्या. जिला स्वतंत्रपणे संतती होण्याची आशा अल्प आहे, तिला परार्थाची किंमतही अल्पच मोजावी लागते.

विद्यार्थ्याने येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ‘ती माशी आक्रमक का झाली?’ या प्रश्नाचे ‘राणीचा गंध ओसरला म्हणून’ हे उत्तर बरोबर आहे, आणि ‘त्या वर्तनामुळे तिच्या जनुकांच्या अधिक प्रती पुढील पिढीत गेल्या म्हणून’ हेही बरोबर आहे. पहिले उत्तर तात्कालिक कारण सांगते, दुसरे उत्क्रांतिविषयक. एक उत्तर दिल्याने दुसऱ्याची गरज संपत नाही. उत्क्रांतीच्या अभ्यासात होणारे कितीतरी निष्फळ वाद हा भेद न ओळखल्यामुळे होतात.

गणित आणि रान

अशा अभ्यासाला पोषक वातावरण एखाद्या अभियांत्रिकीप्रधान संस्थेत कसे निर्माण झाले, याचे उत्तर एका मराठी शास्त्रज्ञाच्या कार्यात सापडते. १९४२ साली पुण्यात जन्मलेले माधव गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे चिरंजीव. पुण्यात आणि मुंबईत शिक्षण घेतल्यावर त्यांनी १९६९ साली हार्वर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविली, १९७१ साली ते मायदेशी परतले आणि १९७३ साली भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. तेथे प्रथम सैद्धांतिक अभ्यासाचे केंद्र आणि १९८३ पासून परिस्थितिविज्ञानाचे केंद्र ही त्यांची कार्यक्षेत्रे होती. गदगकरांचे कार्यही याच वातावरणात बहरले.

गाडगीळ आणि विल्यम बॉसर्ट यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा विषय महाराष्ट्रातील वाचकाला अपरिचित वाटू नये. आंबा मोठा झाल्यावर वर्षानुवर्षे मोहरतो. कळकाचे बेट मात्र चाळीस-पंचेचाळीस वर्षे नुसते वाढते, एकदाच फुलते आणि मरून जाते. असे का? प्रत्येक जीवाजवळचे बळ मर्यादित असते. संततीसाठी खर्च केलेले बळ वाढीसाठी आणि जगण्यासाठी उरत नाही. थोडा खर्च केल्यास थोडे आणि जास्त केल्यास त्या मानाने कमीच फळ मिळत असेल, तर दरवर्षी थोडथोडा खर्च करणे हितावह ठरते. उलट खर्च जसा वाढेल तसे फळ त्याहून अधिक प्रमाणात वाढत असेल, तर सारे सर्वस्व एकदाच पणाला लावणारा जीव पुढे जातो. या जमाखर्चाला गणिताचे रूप देण्याचे श्रेय या निबंधाकडे जाते. पुढे गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातील जंगलांत बांबूंच्या जातींचा प्रत्यक्ष अभ्यासही केला.

यावरून या विषयाच्या विद्यार्थ्याची तयारी कशी असावी हे लक्षात येते. त्याला आनुवंशिकी यावी, संभाव्यता आणि सांख्यिकी यावी, आणि प्राणी वा वनस्पती त्यांच्या स्वाभाविक परिसरात ओळखताही याव्यात. गणित नको म्हणून जीवशास्त्र घेणारा विद्यार्थी येथे अडखळतो. आणि समीकरणे सहज सोडविणारा पण पोळ्यापुढे तासभर शांत न बसू शकणारा विद्यार्थीही अडखळतो.

या दोन गुणांना तिसऱ्याची, म्हणजे प्रयोगाची, जोड मिळाल्याचे उदाहरणही बंगळुरातच आहे. शहराच्या उत्तरेकडील जक्कूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात अमिताभ जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फळमाश्यांच्या समष्टी शेकडो पिढ्या सांभाळून उत्क्रांती प्रत्यक्ष घडताना पाहिली. दर पिढीत सर्वांत लवकर वाढलेल्या माश्यांनाच पुढील पिढीचे जनक केले, तर माश्यांचा विकासकाल खरोखर घटत जातो. पण त्याबरोबर त्यांचा आकार लहान होतो आणि अंडीही कमी होतात. एका गुणाची किंमत दुसऱ्या गुणाने मोजावी लागते, ही गोष्ट येथे काचेच्या बाटलीत दिसते.

या अभ्यासाची निकड

उत्क्रांती ही एक जुनी आणि वादग्रस्त कल्पना आहे, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे एका तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्र्यांनी, वानराचा मनुष्य होताना कोणी पाहिले नाही म्हणून डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे आणि तो अभ्यासक्रमातून वगळावा, असे विधान केले. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून त्याचा प्रतिवाद केला. २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला आणि ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे प्रकरण केवळ ‘आनुवंशिकता’ या नावाने उरले. तेव्हा १८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी निषेधाचे पत्र लिहिले. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय कायम राहिला. परंतु दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्यांची संख्या मोठी असते.

या अज्ञानाची किंमत प्रयोगशाळेबाहेर मोजावी लागते, याचे उदाहरण विदर्भातच मिळते. बोंडअळीसाठी विषारी प्रथिन तयार करणारा बीटी कापूस भारतात २००२ साली आला आणि दोन जनुके असलेला वाण २००६ साली. अशा कापसाच्या विस्तीर्ण शेतांत या विषाला दाद न देणारी एखादी अळी असेल तर तिचीच संतती टिकणार, हे नैसर्गिक निवडीच्या तीन विधानांवरून उघड आहे. म्हणून शेताच्या कडेने साध्या कापसाच्या पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यांपैकी जे अधिक असेल ते, लावावे असा नियम करण्यात आला आणि ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साधे बियाणे दिले जाऊ लागले. साध्या कापसावर वाढलेले, विषाला बळी पडणारे पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी समागम करतील आणि त्यांच्या संततीत प्रतिकाराचा गुण सहसा प्रकट होणार नाही, हा त्यामागील हिशेब होता. प्रत्यक्षात या ओळी फारशा लावल्याच गेल्या नाहीत. गुलाबी बोंडअळी प्रतिकारक्षम झाली आणि २०१७ सालच्या हंगामात विदर्भातील कापूस उत्पादकांना मोठा फटका बसला.

यात शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. साध्या कापसाच्या ओळींचा तोटा एकट्याच्या शेताला होतो आणि लाभ साऱ्या पंचक्रोशीला मिळतो. तोटा कोणाचा आणि लाभ कोणाचा हा गांधीलमाशीच्या पोळ्यापुढे उभा राहिलेला प्रश्नच येथे वेगळ्या स्वरूपात सामोरा येतो. आणि बियाण्याच्या पिशवीत साध्या बियांची पुडी टाकून तो सुटत नाही. ती पुडी कशासाठी आहे हे गावात समजावून सांगू शकणारा कृषिसहायक आणि त्याला शिकविणारा प्राध्यापक, दोघांनाही उत्क्रांतीचा हिशेब अवगत असावा लागतो. रुग्णालयातील जंतू प्रतिजैविकांना दाद देईनासे होतात, तेथेही हाच हिशेब लागू पडतो.

म्हणून विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत ‘डार्विनच्या सिद्धांताची माहिती लिहा’ एवढाच प्रश्न असणे पुरेसे नाही. त्याच्या शेजारी असाही प्रश्न असावा: एका गावात साध्या कापसाच्या पाच ओळी सर्वांनी लावल्या आणि दुसऱ्या गावात कोणीच लावल्या नाहीत, तर दोन्ही गावांतील बोंडअळ्यांत किती पिढ्यांनी कोणता फरक पडेल, आणि तो पडला की नाही हे तुम्ही कसे मोजाल?